डाऊनलोड्स फोल्डरमध्ये सापडलेलं माझं आधार

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ बसतो. दुकान आमच्या वस्तीतल्याच एका काकांचं आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. यातलं शेवटचं काम माझं. ॲडमिशनचे दिवस आले की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला पार रस्त्यापर्यंत रांग लागते.

तीन वर्षांपूर्वी मीही त्याच रांगेत होतो, आईबरोबर. दहावीनंतर कॉम्प्युटर डिप्लोमाला नंबर लागला होता. बाबा मार्केट यार्डात हमाल, आई एका मेसमध्ये पोळ्या लाटते. आम्ही ओपनमधले, म्हणून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून (कॅपमधून) झाला असेल, तर शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम सरकार देतं. उरलेल्या निम्म्यासाठी आईने बचत गटातून २०,००० रुपये उचलले. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, रेशनकार्ड, मार्कशीट, अलॉटमेंट लेटर, आधार, सगळं स्कॅन करून ठराविक केबीत बसवायचं. काकांनी ते दीड तास खपून बसवलं आणि पैसे मात्र एकाच फॉर्मचे घेतले.

मग वाट पाहणं. अर्ज कॉलेजकडे, तिथून पुढे, मग मंजूर, मग पोर्टलवर व्हाउचर रिडीम करून पैशांची मागणी, मग आधारला जोडलेल्या खात्यात पैसे. रात्री मेसवरून आल्यावर आई पायातली चप्पल काढायच्या आधी विचारायची, “मेसेज आला का रे?” पहिल्या वर्षाचा हप्ता आला तेव्हा दुसऱ्या वर्षाची ॲडमिशन तोंडावर आली होती. तरी आला. तो आला नसता तर मी आज बाबांबरोबर यार्डात असतो, हे मला पक्कं माहीत आहे.

सायबर सिक्युरिटीचं वेड तिसऱ्या वर्षात लागलं. वर्गात सरांनी कॉसमॉस बँकेवरच्या सायबर चोरीचं प्रकरण समजावलं. ऑगस्ट २०१८, बँक आपल्या पुण्याची, चोरीची रक्कम ९४ कोटींच्या आसपास. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना परवानगी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली. त्यामुळे नकली कार्डांना बँकेऐवजी चोरच ‘हो, द्या पैसे’ म्हणत राहिले आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. हे ऐकताना अंगावर काटा आला. पण मला या विषयात खरं ओढलं ते नंतरच्या एका प्रॅक्टिकलने.

सरांनी एक पेन ड्राइव्ह आणला, सगळ्यांसमोर त्यातले फोटो डिलीट केले, रिसायकल बिनही रिकामा दाखवला. मग फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. पाच मिनिटांत फोटो परत हजर! डिलीट केल्यावर फाइल जात नाही. ही जागा आता मोकळी समजा, एवढीच नोंद होते. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. जेपीजी फोटोची सुरुवात ‘एफएफ डी८’ या खुणेने होते आणि शेवट ‘एफएफ डी९’ने. सॉफ्टवेअर डिस्कभर या खुणा शोधत फिरतं आणि मधलं सगळं उचलतं.

मला त्या क्षणी दुकानाचा कॉम्प्युटर आठवला.

संध्याकाळी काकांना विचारलं, आपल्या डिस्कवर हे चालवून बघू का? परवानगी आधी घ्यायची हे सरांनी मनावर ठसवलं होतं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये न विचारता शिरणं आयटी कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं. काका म्हणाले, “बघ की, त्यात काय.” पण फोटोरेक चालवायची गरजच पडली नाही. डाऊनलोड्स फोल्डर उघडला आणि नावं सरकू लागली. आधार, आधार १, आधार नवीन, मम्मी आधार, पासबुक, रेशन मागची बाजू. वर्षानुवर्षांची. खाली खाली गेलो तर माझं आधार सापडलं. शेजारी उत्पन्नाच्या स्वयंघोषणापत्राचा स्कॅन, त्यावर बाबांची थरथरती सही. तीन वर्षं ते तिथेच होतं आणि दुकानात येणारा कोणीही माउस हातात घेऊ शकत होता.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, हे खरं. पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. फाइलशेजारीच जन्मतारीख असलेला दुसरा कागद ठेवलेला असेल तर ते कुलूप कुठलं? आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर गावोगावी पैसे काढता येतात. त्यातल्या दोन गोष्टी आमच्या फोल्डरमध्ये आयत्या होत्या.

२७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सूचना काढली होती: सायबर कॅफेत ई-आधार डाऊनलोड करू नका, केलंच तर कायमचं डिलीट करा. दोनच दिवसांत ती मागे घेतली गेली, कारण लोक चुकीचा अर्थ काढतील अशी भीती होती. मला मात्र ती सूचना वाचून वाटलं, ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही आणि ज्याला फॉर्मशिवाय फी भरता येत नाही, त्याने जायचं कुठे? तो आमच्याच दुकानात येणार. मग काळजी घेण्याची जबाबदारी त्याची नाही, आमची आहे.

हे मी काकांना बोललो. ते रागावले नाहीत, पण त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात नव्हतं. “अरे, अर्ज परत येतो ना त्रुटी काढून. बाई बिचारी पुन्हा येते. तिला पुन्हा स्कॅनचे पैसे कुठून द्यायला लावू? म्हणून ठेवतो.” म्हणजे ती फोल्डरभर कागदपत्रं काकांच्या चांगुलपणामुळे साठली होती. ‘गरज संपली की डेटा काढून टाका’ हे नोट्समध्ये एका ओळीत लिहून मोकळं होता येतं. इथे गरज कधी संपते? पैसे खात्यात येतात तेव्हा. त्याला कधीकधी वर्ष लागतं.

सरांना विचारून मी मार्ग काढला. फाइली पासवर्डने बंद ठेवणाऱ्या व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरची एक कुलूपबंद पेटी केली, पासवर्ड काकांना आणि मला. प्रत्येक फॉर्मचा वेगळा फोल्डर त्या पेटीत, आणि हप्ता जमा झाला की तो काढायचा. डाऊनलोड्स रोज रात्री रिकामं. डिस्क जुनी, फिरणाऱ्या तबकडीची असल्यामुळे विंडोजच्या सायफर कमांडने मोकळी जागा पुन्हा लिहून काढता येते. तबकडी नसलेली, चिपवाली एसएसडी असती तर त्या पद्धतीवर एवढा भरवसा ठेवता आला नसता. काकांचं व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडं असायचं, ते आता रात्री लॉगआउट होतं. आणि जिथे चालतं तिथे आम्ही लोकांना शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून देतो.

गेल्या महिन्यात एक मावशी मोबाइल घेऊन आल्या. ‘शिष्यवृत्ती मंजूर, खाते पडताळणीसाठी क्लिक करा’ असा मेसेज, आणि मुलीने ओटीपी टाकलेला. ८,४०० रुपये गेले होते. मी तिथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. रांगेतला एक जण म्हणाला, शिकलेली पोरगी, क्लिक करते कशी? मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. मी म्हणालो, दादा, तो मेसेज आमच्या घरी त्या वर्षी आला असता ना, तर आईने मला झोपेतून उठवून क्लिक करायला लावलं असतं.

मावशींचे निम्मे पैसे अडकून राहिलेत, सुटायचे आहेत. यंदाचा माझा हप्ताही अजून आलेला नाही. शनिवारी शटर अर्धं ओढून मी आणि काका पेटी उघडतो, ज्यांचे पैसे आले त्यांची नावं वहीत खोडतो आणि त्यांचे फोल्डर काढून टाकतो. गेल्या शनिवारी अकरा नावं खोडली. माझं तेवढं अजून राहिलंय.