केरबा म्हणून आलेली माळ

तपासणीच्या टेबलावर त्या दिवशी एक पत्र्याचा डबा आला. आत गडद लाल मण्यांची माळ, हस्तिदंती दिसणाऱ्या चार बांगड्या आणि पितळी टाचणीचा एक ब्रूच. माळेला त्या घरात आजीच्या काळापासून 'केरबा' (अंबर, म्हणजे झाडाच्या चिकाचा लाखो वर्षांत झालेला खडा) म्हणत, त्यामुळे भावही केरब्याचाच अपेक्षित होता.

झाकण उघडताच कापराचा वास आला, आणि त्यामागून नाकाला झोंबणारा आंबट दर्प. म्हणजे डब्यात सेल्युलॉइड, कापूर घालून केलेलं जुनं प्लॅस्टिक, होतं आणि ते कुजायला लागलं होतं. म्हणून माळ बाजूला ठेवून आधी बांगड्या घेतल्या. दहापट भिंगाखाली सरळ, समांतर, एकसारख्या अंतरावरच्या रेघा दिसल्या. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. ती कुठेच नव्हती. एका बांगडीच्या पोटात बारीक चौकटी-चौकटींच्या भेगा पडल्या होत्या. सेल्युलॉइड कुजताना नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं, दमट हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. ब्रूचची टाचणी त्यानेच हिरवी पडली होती.

आता माळ. मणी हाताला जड, एकमेकांवर आपटले की भरीव, बसका आवाज. साच्याची शिवण नाही. भोकाच्या कडेला बाहेरचा लाल रंग संपून आत पिवळसर रंग दिसत होता. फेनॉलिक, म्हणजे बॅकेलाइटच्या जातीच्या, प्लॅस्टिकचा पृष्ठभाग हवा-उजेडाने गडद होतो, आतला भाग फिका राहतो.

मालकांच्या परवानगीने दोरा कापून एक मणी सुटा केला. 250 मिलिलिटर पाण्यात 90 ग्रॅम मीठ विरघळवलं. मण्याच्या भोकात अडकलेला बुडबुडा ब्रशने काढला. तो राहिला तर जड मणीही तरंगतो आणि निकाल चुकतो. मणी सरळ तळाला गेला. केरबा या पाण्यात तरंगतो, त्यामुळे केरबा बाद. उलट मणी तरंगला असता तरी केरबा सिद्ध झाला नसता, कारण कोपल (केरब्यापेक्षा खूप कोवळी झाडाची राळ) आणि पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिकही तरंगतात.

मग तोच मणी गरम पाण्यात वीस सेकंद धरून लगेच हुंगला. लाल कार्बोलिक साबणाचा वास, अगदी स्वच्छ. केसिन (दुधातल्या प्रथिनापासून केलेलं प्लॅस्टिक) असतं तर दुधाचा जळकट वास आला असता. शेवटी कापसाच्या काडीवर धातूचं पॉलिश घेऊन मणी घासला. काडी मोहरीसारखी पिवळी झाली. ही खूण नुकत्याच पॉलिश केलेल्या किंवा लाखेचा थर दिलेल्या नगावर फसते, म्हणून ती एकटी कधीच धरू नये. प्रमाणपत्रावर शेवटचा शब्द एफटीआयआरच्या (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राच्या) आलेखाचा, आणि तोही फेनॉलिकचाच निघाला.

दुसऱ्या एका मण्यावर तपकिरी टिंब होतं. कुणीतरी पूर्वी तापलेली सुई टोचून पाहिली होती. फेनॉलिक वितळत नाही, म्हणून डागावर निभावलं. तीच सुई बांगडीला लागली असती तर सेल्युलॉइडने तिथल्या तिथे पेट घेतला असता. घरी नग तपासणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, सुई तापवू नका.

माळेला केरब्याचा भाव नाही, पण जुन्या फेनॉलिक मण्यांना तस्बीह (मुस्लिमांची जपमाळ) जमवणाऱ्यांमध्ये स्वतःची मागणी आहे, हे मालकांना नीट समजावलं. बांगड्या आम्लमुक्त कागदात गुंडाळून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वेगळ्या दिल्या: थंड जागी, हवा खेळती, आणि माळेपासून लांब ठेवायला सांगून.