एक अंडं जास्त

३० वर्षं बँकेत कॅश काउंटरवर काढली की एक खोड जडते. समोर कुणी काहीही मोजत असलं, की आपणही मनात मोजायचं. दादरच्या मंडईत मेथीच्या जुड्यासुद्धा मी भाजीवाल्याबरोबर मोजते. त्यामुळे मलेशियातल्या सेलिंगान बेटावर रात्री साडेनऊला रेंजर वाळूत पालथा पडून कासवाची अंडी काढायला लागला, तेव्हा माझे ओठ आपोआप हलायला लागले.

कोकणात वेळासला मी दोनदा गेलेय. टोपलीतून सोडलेली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाहिली, आई मात्र नाही दिसली. ती रात्रीच येऊन जाते. तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "ताई, फंडाचे पैसे आलेत ना, चल मलेशियाला." सबा राज्यातल्या सांडाकानहून स्पीडबोटीनं तासभर. बेट जेमतेम आठ हेक्टरचं, आपल्या शिवाजी पार्कच्या मैदानाहूनही लहान. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा किनाऱ्यावर पाऊल टाकायचं नाही. हॉलमध्ये बसून राहायचं, बोलावणं येईपर्यंत. बहिणीनं तेवढ्यात भडंगाचा अख्खा पुडा संपवला.

बोलावलं की सगळ्यांनी मिळून एकच घरटं बघायचं. फ्लॅश नाही, कासवाच्या तोंडासमोर जायचं नाही. हिरवं कासव होतं, पाठ आमच्या जेवणाच्या टेबलाएवढी वाटली मला. (बहिणीच्या मते पाटाएवढी.) डोळ्यांतून पाणी गळत होतं. रडत नसतं ते, अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकत असतं. हे माहीत असूनही मला गलबलून आलं. खड्ड्यात अंडी पडत होती, दोन, मग एक, मग एकदम तीन. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओलसर, कवच चामड्यासारखं लवचीक, म्हणून पडली तरी फुटत नाहीत. दुसऱ्या रेंजरनं टेपनं पाठ मोजून घेतली.

शेवटचं अंडं बादलीत गेलं. माझी ८७. त्याची ८६.

मी बहिणीला कोपरानं ढोसलं. "ताई, गप्प बस," ती म्हणाली. "इथे कॅश टॅली करायची नाहीये."

हॅचरी, म्हणजे अंडी उबवायला ठेवायची जागा, १९६६पासूनची आहे. रेंजरनं हातभर खड्डा केला, अंडी आत ठेवली, वाळू लोटली, भोवती जाळीचं गोल कडं उभं केलं आणि पाटी खोचली: क्रमांक, तारीख, ८६. काही खड्डे उन्हात, काही सावलीत. वाळू उबदार असली तर माद्या जास्त निघतात, गार असली तर नर. त्याला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्या मुंबईतही, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, मार्च २०१८मध्ये ऐंशीएक पिल्लं निघाली होती. त्यानं लगेच विचारलं, "मोजली कुणी?" माणूस आपल्यातलाच निघाला.

मग आधीच्या कुठल्या तरी घरट्यातली पिल्लं पाण्याकडे सोडली. एक उलटं फिरून आमच्याच चपलांकडे यायला लागलं. रेंजरनं दोन बोटांनी उचलून त्याचं तोंड समुद्राकडे केलं. इथेही मी सुरुवात केलीच. अकरापर्यंत पोचले, तेवढ्यात लाट आली.

घरी आल्यावर बहिणीनं पाटीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "८६, नीट वाच." वाचलं. मी ८७वरच आहे.