जर्मनीतल्या जंगलात रात्रीचं जिओकॅशिंग

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि एक-दोन दिवसांतच ओरेगन राज्यात पहिला डबा लपवला गेला. जर्मन लोकांनी या खेळाचा जो प्रकार मनापासून जोपासला तो म्हणजे 'नाख्टकॅश', फक्त अंधारातच सापडणारा डबा. इथे आकडे बहुधा गाडी लावण्याच्या जागेपर्यंतच नेतात. पुढची वाट झाडांवर लावलेले नखाएवढे रिफ्लेक्टर दाखवतात, आणि दिवसा ते शेजारून गेलात तरी दिसत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट शिकायची ती टॉर्च धरायची. रिफ्लेक्टर आरशासारखा प्रकाश भलतीकडे फेकत नाही, जिथून आला तिथेच परत पाठवतो. परतीचा झोत अगदी अरुंद असतो, एक-दोन अंशांच्या बाहेर तो पार मंदावतो. टॉर्च कमरेपाशी, म्हणजे डोळ्यांच्या 80 सेंटिमीटर खाली धरली, तर 50 मीटरवरच्या रिफ्लेक्टरसाठी तो फरक जेमतेम एक अंश असतो. दहा मीटरवर तोच साडेचार अंश होतो. त्यामुळे लांबचा ठिपका दिसतो आणि जवळचा हातातून निसटतो. टॉर्च कानशिलाला टेकवून धरा, नाहीतर सरळ हेडलॅम्प लावा. चालायला 100 ते 200 ल्युमेन पुरतात. लांबचं झाड धुंडाळायला अरुंद झोताची वेगळी, जोरदार टॉर्च ठेवा. धुक्यात मात्र जोर उपयोगाचा नाही; समोर पांढरी भिंत उभी राहते, तेव्हा प्रकाश कमी करून हळू चालावं लागतं.

साधारण पद्धत अशी असते: एक रिफ्लेक्टर म्हणजे सरळ पुढे, दोन शेजारी शेजारी म्हणजे वळण किंवा थांबा, वेगळा रंग म्हणजे काहीतरी शोधायचं आहे. पण डबा लपवणाऱ्या प्रत्येक मालकाची खूण वेगळी असते. त्याने लिहिलेलं वर्णन घरीच नीट वाचा, आणि डब्याच्या वेबपानावर अतिनील दिव्याची खूण असेल तर अतिनील टॉर्च घ्या. ती 365 नॅनोमीटरची असावी. स्वस्तातल्या 395 वाल्या टॉर्चचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की झाडाच्या सालीवरचं पुसट लिखाण त्यात बुडून जातं.

साखळी तुटते तेव्हा बहुतेक गट एकच चूक करतात: सगळेजण पुढे पांगतात. मग शेवटचा रिफ्लेक्टर कोणता होता हेच कुणाला सांगता येत नाही. एकाने त्या झाडाशी उभं राहायचं, दिवा चालू ठेवायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहून पंख्यासारखं पसरत शोधायचं. तरीही मिळालं नाही तर मधलं झाडच कापलं गेलं असण्याची शक्यता मोठी. इथलं जंगल म्हणजे लाकडाचं शेतच असतं. यंत्र येऊन गेलं की रांगेतलं झाड नाहीसं होतं. फसवे ठिपकेही असतात. जमिनीलगतचा बारीक हिरवट ठिपका बहुतेक वेळा वुल्फ स्पायडर जातीच्या कोळ्याच्या डोळ्यांचा असतो. दवाचा थेंब डोकं जरा हलवलं की विझतो, रिफ्लेक्टर विझत नाही. दोन ठिपके जोडीने सरकले तर ते हरणासारखं एखादं जनावर आहे.

चपट्या पट्टीसारखे रिफ्लेक्टर एकाच बाजूने चमकतात, त्यामुळे परतीची वाट ते दाखवणार नाहीत. गाडीपाशीच जीपीएसवर आपला मार्ग नोंदवायला सुरुवात करा. दाट झाडीत, विशेषतः ओल्या पानांखाली, दहा मीटर किंवा त्याहून जास्त चूक धरूनच चाला. आकडे भरताना अंश आणि दशांश मिनिटं हाच प्रकार निवडलाय ना, ते तपासा: 30.500 ही साडेतीस मिनिटं आहेत, 30 मिनिटं 50 सेकंद नव्हे. काही टप्प्यांवर 'इथून अमुक अंशात 300 मीटर' असं लिहिलेलं असतं. इथे होकायंत्राची उत्तर खऱ्या उत्तरेपासून चारएक अंश पूर्वेला सरकलेली आहे, आणि तेवढ्याने 300 मीटरवर वीसेक मीटरचा फरक पडतो. अंधारात वीस मीटर म्हणजे भलतंच झाड.

हंगामाबद्दल माझं मत ठाम आहे: पानगळीनंतर जा. जूनमध्ये नीट अंधार पडायला रात्रीचे साडेदहा-अकरा वाजतात आणि पानं रिफ्लेक्टर झाकून टाकतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की संध्याकाळी सहालाच काळोख होतो, आणि नऊपर्यंत घरी येता येतं. थंडीत बॅटरी मात्र लवकर बसते, म्हणून जादा बॅटरी आणि फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. जोराचा वारा असेल तर जाऊच नका. साल खाणाऱ्या किड्यांनी मारलेली स्प्रूसची झाडं उभीच्या उभी कोसळतात.

सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक केलेल्यांना अंधाराची सवय असतेच, पण इथले नियम निराळे. जर्मन वनकायद्याचं कलम 14 विरंगुळ्यासाठी कुणालाही जंगलात जायची मुभा देतं, खासगी जंगलातसुद्धा, पण स्वतःच्या जबाबदारीवर. बारकावे राज्यागणिक बदलतात. संरक्षित निसर्गक्षेत्रात पायवाट सोडायची नाही. गाडी जंगलरस्त्यावर घालायची नाही. गुहा, जुने बोगदे, बंकर यांत वटवाघळं हिवाळा काढतात, म्हणून अशा जागी 1 ऑक्टोबर ते 31 मार्च शिरायला बंदी आहे. डबा आत असला तरी तेव्हा तो शोधायचा नाही, कारण झोपेतून उठवलेलं वटवाघूळ साठवलेली चरबी जाळून टाकतं आणि वसंतापर्यंत टिकेलच असं नाही.

सगळ्यात गंभीरपणे घ्यायचा तो शिकारी. रानडुकरांची शिकार रात्री चालते आणि त्याला चांदणं सोयीचं असतं. त्यामुळे पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री टाळा, आपल्याला त्या कितीही सुंदर वाटल्या तरी. जंगलाच्या कडेला एकटी गाडी उभी दिसली तर मचाणावर माणूस आहे असं समजून परत फिरा. चमकणारं जॅकेट घाला, मोठ्याने बोलत चला, मचाणावर चढू नका. पिल्लं असलेली डुकरीण समोर आली तर पळायचं नाही. बोलत बोलत आल्या वाटेने मागे सरायचं.

डबा बऱ्याचदा 'पेटलिंग' असतो: शीतपेयाची बाटली फुगवण्याआधीची जाड, बोटभर लांबीची नळी. तिच्या आट्यांमध्ये मातीचा एक कण राहिला तरी पाणी आत जातं आणि वहीचा लगदा होतो. झाकण लावण्याआधी कापडाने आटे पुसा. लिहायला पेन्सिल न्या; दमट कागदावर पेन उठत नाही.

कुणाचा पाय मुरगळला तर 112. जंगलात ठिकठिकाणी हिरव्या पाटीवर पांढरा क्रॉस आणि एक क्रमांक असतो, तो मदतकेंद्राला सांगितला की गाडी नेमकी तिथे येते. निघतानाच जवळच्या पाटीचा फोटो काढून ठेवा.

घरी आल्यावर अंघोळीआधी गोचीड शोधा: गुडघ्यामागे, काखेत, कंबरपट्ट्याखाली, कानामागे. तापमान सात अंशांच्या वर गेलं की त्या हिंडायला लागतात, म्हणजे नोव्हेंबरातही. बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढायची, तेल लावायचं नाही. लाइम रोगाचे जंतू उतरायला बहुधा काही तास लागतात, म्हणून लवकर काढण्याला अर्थ आहे. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा विषाणू मात्र ती चावताच येऊ शकतो. त्याची लस तीन डोसांची असते. हा आजार जास्त आढळणाऱ्या दक्षिणेकडच्या बायर्न किंवा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात राहत असाल तर ती हिवाळ्यातच सुरू करा, म्हणजे वसंतापर्यंत पहिले दोन डोस झालेले असतात.