एक कळ, तीन कामे
एकाच कळीला एकेरी दाबाचे, दुहेरी दाबाचे आणि दाबून धरण्याचे अशी तीन कामे द्यायची असतील, तर खरा प्रश्न वाट किती पाहायची हाच असतो. ऑटोहॉटकी या, विंडोजवर कळांना हवी ती कामे नेमून देणाऱ्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या यादीत) मी ‘कीवेट’ ही आज्ञा देऊन कळ सुटण्याची ३०० मिलिसेकंद वाट पाहतो. तेवढ्यात ती सुटली नाही, तर ती दाबून धरली आहे असे मानतो. सुटलीच, तर आणखी २०० मिलिसेकंदांत ती पुन्हा खाली जाते का, यावरून दुहेरी की एकेरी ते ठरते. त्यामुळे एकेरी दाबाचे काम थोडे उशिरा होणे अटळ आहे. विंडोजमध्ये पहिल्या क्लिकने फाइल निवडली जाते आणि दुसरीने उघडते, म्हणजे पहिलीला खोळंबावे लागत नाही. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

कीबोर्डची कळ दाबून धरली की तिचा संकेत पुन्हा पुन्हा येत राहतो (माउसच्या बटणाचे तसे नसते). माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये कळ दाबून धरली की संगणकाचा आवाज चालू किंवा बंद व्हायचा होता; त्यामुळे तो सारखा चालू-बंद होत राहिला. काम झाल्यावर कळ सुटेपर्यंत थांबायला लावणारी आणखी एक ‘कीवेट’ची ओळ घातली, तेव्हा हा प्रकार थांबला.