हिरवा चुडा, हिरवा पडदा

मी कंपोझिटिंग करते, म्हणजे वेगवेगळी टिपलेली चित्रं एकमेकांवर बसवून एक दृश्य करते. माझ्या पहिल्या खऱ्या कामातला, एका टीव्ही मालिकेतला, एक शॉट मला अजून फ्रेमनिशी पाठ आहे. अंतरपाट दूर झालाय, नवरी वरमाला उचलते, हात खांद्याच्या वर नेते आणि क्षणभर थांबते. चार सेकंद, म्हणजे टीव्हीच्या हिशोबानं १०० फ्रेम. मागे वाड्याचा चौक बसवायचा होता, म्हणून शूटिंग हिरव्या पडद्यासमोर केलेलं. आणि नवरीच्या दोन्ही हातांत, रीतीप्रमाणे, हिरवा चुडा.

पडदा निळा लावला असता तर प्रश्नच नव्हता. पण सेटवर ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि प्लेट, म्हणजे शूट केलेलं मूळ चित्र, माझ्यासमोर आली. मी कीअर, म्हणजे एक रंग वेगळा काढून तिथं पारदर्शक करणारं साधन, लावला, पडद्याचा रंग उचलला. पडदा गेला, त्याच्याबरोबर बांगड्याही गेल्या. हातावर फटी, आणि फटींतून वाड्याचा खांब दिसतोय.

संगणकाची यात काही चूक नव्हती. पडदा वेगळा काढताना तो एवढंच मोजतो, की पिक्सेलमधला हिरवा हा लाल आणि निळ्यातल्या मोठ्या आकड्यापेक्षा किती जास्त आहे. त्वचेत लाल वरचढ असतो, म्हणून माणूस शिल्लक राहतो. हिरव्या काचेत आणि हिरव्या कापडात हा हिशोब सारखाच येतो. हिरवा रंग मुळात निवडतात त्याचं एक कारण कॅमेऱ्यात आहे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे टिपणारे कण हिरव्यासाठी असतात, लाल आणि निळ्याला पाव-पाव. त्यामुळे हिरवा चॅनेल, म्हणजे चित्रातला हिरव्याचा थर, सगळ्यांत स्वच्छ मिळतो. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं याचा राग आजही आहे, कारण मी वर्षभर पैसे भरून क्लास केला होता. तिथं आम्हाला बटणं शिकवली. हा नोड (कामाची एकेक पायरी करणारा डबा) इथं जोडा, हा आकडा एवढा ठेवा. शेवटी पन्नासेक मुलांच्या शोरीलमध्ये, म्हणजे काम मागताना दाखवायच्या नमुन्यांत, तोच स्फोट आणि तीच उडणारी गाडी. घरोघरी कर्ज काढून आलेल्या मुलांना 'हे असं का होतं' एवढंही न सांगणं हा अन्याय आहे. मी जे शिकले ते नंतर, मालाडच्या भाड्याच्या खोलीत, न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या विनामूल्य नॉन-कमर्शियल आवृत्तीवर. तिच्यातून १९२० बाय १०८० च्या वर आउटपुट निघत नाही, पण शिकायला तेवढं पुष्कळ होतं.

आणि खरं तर त्याहीआधी, मिरजेत, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोटो स्टुडिओत. अण्णा ट्रिक फोटो काढायचे. एकच मुलगा कॅरमच्या दोन्ही बाजूंना बसून स्वतःशीच खेळतोय, असला फोटो लोक हौसेनं काढून घ्यायचे. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून अर्धी चौकट झाकायची, एकदा टिपायचं, रीळ पुढे न सरकवता पुठ्ठा दुसऱ्या बाजूला न्यायचा, पोराला उठवून समोर बसवायचं आणि पुन्हा टिपायचं. त्या पुठ्ठ्यालाच आम्ही आज मॅट म्हणतो. ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छायाचित्रकार होते, छपाईतले जाणकार होते, आणि वाटाण्याचं रोप वाढताना त्यांनी थांबून थांबून एकेक फ्रेम टिपली होती. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. एका फोटोवाल्याची मुलगी म्हणून मला ती नेहमी जवळची वाटते.

पुठ्ठ्याच्या जागी आता अल्फा चॅनेल आहे. हा पिक्सेल किती भरलेला, किती रिकामा, हे सांगणारा शून्य ते एकमधला आकडा. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी दोन चित्रं एकमेकांवर बसवायचं गणित मांडलं, ते आजही दर मर्ज नोडच्या, म्हणजे चित्रं जोडणाऱ्या नोडच्या, पोटात आहे: वरचं चित्र, अधिक खालचं चित्र गुणिले एक वजा अल्फा. पण वरच्या चित्राचे रंग आधीच अल्फानं गुणलेले असले पाहिजेत. तसे गुणलेले रंग न सोडवता तुम्ही काळा उजळवलात, तर जिथं काहीच नाही तिथंही उजेड चढतो आणि माणसाभोवती धुरकट कड येते. आधी अनप्रीमल्ट (अल्फानं भागणं), मग ग्रेड (रंग-उजेड बदलणं), मग पुन्हा प्रीमल्ट (अल्फानं गुणणं). हे मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली ती लिनियरची, म्हणजे उजेडाच्या खऱ्या प्रमाणात ठेवलेल्या आकड्यांची. एका पणतीशेजारी तशीच दुसरी लावली की उजेड दुप्पट होतो. स्क्रीनसाठी तयार केलेल्या आकड्यांत मात्र तसं होत नाही. काळा आणि पांढरा निम्मा-निम्मा मिसळून बघा. स्क्रीनच्या आकड्यांत २५५ पैकी १२८ येतात. तेच उजेडाच्या खऱ्या प्रमाणात मिसळून मग स्क्रीनसाठी बदललं की १८८. केसाच्या प्रत्येक टोकाशी, हलत्या हाताच्या प्रत्येक धूसर कडेशी हा फरक पडतो. माझ्या सुरुवातीच्या कामात केसांभोवती काजळी का यायची, ते तेव्हा कळलं.

तर, चुडा. माझे लीड, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, मागे उभे राहून दोनदा शॉट बघून म्हणाले, "बांगड्या बघू नकोस. मनगट बघ." मी बांगडी-बांगडीचा रोटो करायला, म्हणजे फ्रेमगणिक हातानं आकार आखायला, बसले होते, ओळीनं पहिल्या फ्रेमपासून. तसं केलं की कड थरथरते, कारण आखणारा हात दर फ्रेमला थोडा चुकतोच. मग मनगट ट्रॅक केलं, म्हणजे त्याची हालचाल संगणकाकडून टिपून घेतली, आणि सगळ्या बांगड्यांचा मिळून एक आकार त्याला बांधला. आकार हातानं बसवला तो आधी पहिल्या फ्रेमला आणि शेवटच्या. मग जिथं हालचाल वळते तिथं: २२ ला हात उठायला लागतो, ६१ ला थांबतो. पण बांगड्या ६१ ला थांबत नाहीत. हात थांबल्यावरही त्या सहा फ्रेम कोपराकडे घसरतात, पुढची आधी, मागची नंतर, आणि एकमेकींवर आपटून स्थिरावतात. हे दिसलं आणि मी तो तुकडा कितीतरी वेळ नुसता मागे-पुढे करत बसले. इतकी साधी, इतकी सुंदर हालचाल मी रोज घरात बघत आले होते, आणि ती खरी बघितली ती त्या दिवशी.

मग डीस्पिल लावला. पडद्याचा हिरवा उजेड गालावर, हातावर सांडलेला असतो तो त्यानं निघतो. हिरवा आकडा लाल-निळ्याच्या सरासरीच्या वर गेला की तो खाली ओढायचा. गाल छान झाले आणि चुडा राखाडी पडला. नवरीच्या हातात राखेच्या रंगाच्या बांगड्या! सॉफ्टवेअरला तो एक रंग, पण ज्या बायका संध्याकाळी ही मालिका बघणार होत्या त्यांना तो रंग म्हणजे काय, हे मला सांगायला लागत नव्हतं. बांगड्यांच्या आकारात डीस्पिल बंद ठेवला, आणि दोन बांगड्यांमधून दिसणाऱ्या त्वचेसाठी वेगळा आकार काढून तिथं चालू. काचेवरची चमक मूळ प्लेटमधून फक्त उजेडाच्या जोरावर वेगळी काढली आणि शेवटी प्लसनं, म्हणजे नुसत्या बेरजेनं, वर चढवली. चुडा किणकिणेल असा दिसायला लागला.

काळ्याचं काम, म्हणजे दोन्ही चित्रांतले गडद भाग जुळवणं, पटकन झालं. चौकातल्या दाराआडची सावली निळसर होती, तिच्यापुढे नवरीचे केस फारच काळे दिसत होते. बघायच्या खिडकीतला उजेड (व्ह्यूअरचा गेन) चढवून दोन्हीकडचे सगळ्यांत गडद ठिपके शेजारी आणले. ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक रवाळपणा, तोही चॅनेल-चॅनेल वेगळा करून जुळवला, कारण निळ्यात तो जास्त असतो.

तरी हात चिकटवल्यासारखा वाटत होता. रात्री घरी फोन केला. अण्णांना म्हटलं, कड किती मऊ ठेवायची ते कळेना झालंय. तुम्ही पुठ्ठा धरताना कसं ठरवायचात?

ते म्हणाले, "अगं, भिंग किती उघडं होतं ते आधी सांग."

ते मी बघितलंच नव्हतं. ट्रिक फोटोत भिंग जास्त उघडलं किंवा पुठ्ठा भिंगाच्या जवळ नेला की मधली कड मऊ व्हायची, लांब नेला की टोकदार. सकाळी जाऊन कॅमेरा रिपोर्ट काढला. २.८ वर, म्हणजे भिंग बरंच उघडं ठेवून, शूट केलं होतं, फोकस चेहऱ्यावर. माळ धरलेली बोटं चेहऱ्याजवळ, म्हणून ती टोकदार, आणि कोपर कॅमेऱ्याकडे पुढे आलेला, म्हणून मऊ. मी सगळ्या हाताला एकच कड दिली होती. बोटांना तशीच ठेवली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत हळूहळू दोन पिक्सेल सैल केली.