राणीच्या बागेत झाडे बघायला जाताना

भायखळ्याच्या राणीच्या बागेत शिरलेली बहुतेक मंडळी थेट पेंग्विनांकडे वळतात. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्यासाठी दालन १६ ते १८ अंशांवर ठेवावे लागते. ते जरूर पाहावेत, पण ही बाग मुळात झाडांची. पिंजरे नंतर आले.

आधीची बाग शिवडीला होती, शेती-बागायतीचे काम करणाऱ्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची. ती जागा पुढे दफनभूमीला गेली आणि सोसायटीचे काम भायखळ्याला आले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ खुली झाली. तेव्हा जागा ३३ एकर होती, १८९० मध्ये आणखी १५ एकरांची भर पडली. आता पाटीवर ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ आहे, तोंडी मात्र अजून राणीची बागच.

झाडांसाठी जायचे तर फेब्रुवारीत जा. तेव्हा उर्वशी फुललेली असते. हे ब्रह्मदेशातले झाड. लांब देठांवरून लाल फुलांचे झुबके खाली लोंबतात, वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. तिला दमट हवा, थोडी सावली आणि सतत ओलसर पण पाणी न तुंबणारी माती लागते. बी क्वचितच धरते, म्हणून रोपे गुटी कलमाने, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फोडून करतात. ऊन-वारा लागला की कोवळी पाने करपतात. मुंबईत ती इतकी कमी दिसते, त्याचे कारण हेच.

याच सुमारास सीतेचा अशोकही बहरतो. इथे मोठा घोटाळा होतो. सोसायट्यांच्या कुंपणाला उंच सरळ उभा असतो तो आसुपालव. त्याची फुले हिरवट, पटकन दिसतही नाहीत. खरा अशोक बुटका, घेरदार. त्याची केशरी फुले जुन्या फांद्यांवर, कधी खोडालाच गुच्छांनी येतात. त्यांना पाकळ्या नसतात, रंगतात ती निदले, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातली दले. कोवळी पाने तांबूस आणि मलूल लोंबतात. झाड वाळत चालले आहे असे वाटते, पण ती त्याची रीतच आहे.

गोरखचिंच ओळखायला उन्हाळा बरा, कारण पाने गळालेली असतात आणि राखाडी, फुगीर खोड नीट दिसते. आफ्रिकेतले हे झाड खोडात पाणी साठवते. लाकूड मऊ आणि बरेचदा आतून पोकळ, त्यामुळे वर्तुळे मोजता येत नाहीत. म्हणूनच गोरखचिंचेच्या वयाचे मोठमोठे आकडे ऐकले की मी ते जपूनच घेतो. फुले पावसाच्या तोंडावर येतात, रात्री उमलतात. सकाळी झाडाखाली पडलेली मिळतील.

कैलासपतीची फुले खोडातूनच फुटतात. वास घ्या, पण खाली बसू नका. तोफगोळ्याएवढे जड फळ कधीही सुटते आणि फुटले की दुर्गंधी येते. मादागास्करचे किलबिलीचे झाड मात्र पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात केशरी फुलांनी बहरते.

अशा जुन्या झाडांचा खरा शत्रू कुऱ्हाडीपेक्षा फरशी. बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, ती कुजतात, आणि वरून हिरवे दिसणारे झाड एखाद्या जुलैत आडवे होते. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी हवी, मोठ्या झाडाला त्याहून जास्त. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या फेररचनेचा मोठा आराखडा आला, तेव्हा काही नागरिकांनी इथले एकेक झाड मोजून नोंदवले. त्या नोंदींमुळेच इथल्या झाडांबद्दल नेमकेपणाने बोलता आले. मला त्या कामाचे फार मोल वाटते.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येते. बुधवारी बाग बंद असते, बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे तिकीट वेगळे. त्याच्या बाजूला दगडी हत्ती आहे, घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले ते याच्यामुळे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला, आणि १९१४ मध्ये तुकडे जुळवून पुन्हा उभा केला गेला. अंगावरचे सांधे जवळून पाहिले की दिसतात.