रोममध्ये घोडदळाच्या सरदारांच्या मागावर

रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात लांडगीच्या ब्राँझ पुतळ्याभोवती कायम गर्दी असते. मी त्या दालनात गेले ते भिंतीसाठी. पहिला रोमन बादशहा ऑगस्टस याच्या काळात कोरलेल्या संगमरवरी याद्यांचे तुकडे तिथे बसवले आहेत. सोळाव्या शतकात ते खाली फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात सापडले. कोणत्या वर्षी कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले दोन सर्वोच्च अधिकारी कोण, हे ओळीने लिहिलंय. मधेच एखाद्या वर्षी डिक्टेटरचं नाव येतं आणि त्याच्याजवळच दुसरं, पुढे त्रोटक अक्षरं: ‘माग. एक्व.’ म्हणजे माजिस्तेर एक्वितुम, घोडदळाचा सरदार. ही अक्षरं शोधत मी भिंतीपाशी बराच वेळ उभी होते.

संकटकाळी रोममध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी डिक्टेटर नेमत आणि तो आपला हा सरदार निवडत असे. डिक्टेटरने पद सोडलं की याचंही पद गेलं. गंमत अशी, की जुन्या नियमानुसार डिक्टेटरला रणात घोड्यावर बसायची मुभा नव्हती. त्यासाठी परवानगी काढावी लागे. म्हणजे सर्वसत्ताधारी जमिनीवर आणि त्याचा दुय्यम घोड्यावर! भांडणाचं बी तिथेच पेरलेलं होतं, असं मला वाटतं.

रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेली इ.स.पू. ३२५ ची हकिगत घ्या. इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांशी युद्ध चालू होतं. डिक्टेटर पापिरियस कर्सर शकुन नव्याने पाहायला रोमला गेला आणि जाताना ‘मी येईपर्यंत लढायचं नाही’ असं बजावून गेला. त्याचा सरदार फाबियस रुलियानस लढला. घोड्यांचे लगाम काढून स्वारांनी सॅम्नाइटांवर मोकाट घोडी घातली आणि लढाई जिंकली. संतापलेल्या पापिरियसला त्याचं मुंडकंच हवं होतं. रुलियानस रोमला पळाला, त्याच्या म्हाताऱ्या बापाने लोकांपुढे दाद मागितली, शेवटी सगळ्या रोमने हात जोडले तेव्हा कुठे जीव वाचला.

याच घराण्यातला फाबियस माक्सिमस इ.स.पू. २१७ मध्ये डिक्टेटर झाला, तेव्हा पारडं उलटं फिरलं. इटलीत घुसलेल्या कार्थेजच्या सेनापतीशी, हॅनिबलशी थेट भिडायचं नाही, हा त्याचा डाव. सरदार मिनुकियसला तो भ्याडपणा वाटे. एका छोट्या विजयानंतर लोकांनी मिनुकियसला डिक्टेटरइतकेच अधिकार देऊन टाकले. लगेच तो हॅनिबलच्या सापळ्यात सापडला आणि फाबियसनेच त्याला सोडवलं. मिनुकियसने हर्क्युलिसला वाहिलेला एक दगड रोममध्ये सापडलाय. त्यावर तो स्वतःला डिक्टेटर म्हणवतो. नंतर त्याने फाबियसला सगळ्यांसमोर ‘बाबा’ म्हटलं, हे आठवलं की मला त्या दगडाबद्दल रागापेक्षा माया जास्त वाटते.

सीझरचे सरदार अँटनी आणि पुढे लेपिडस. सीझरच्या खुनानंतर डिक्टेटरपदच रद्द झालं. कॉन्स्टंटाइनने ‘माजिस्तेर एक्वितुम’ हे नाव पुन्हा वापरात आणलं, पण आता तो बादशहाचा कायमचा सेनापती होता.

तिथून खाली फोरममध्ये उतरले. सेप्टिमियस सेव्हरसच्या कमानीजवळ एक उभा चौथरा आहे. मुळात तो अश्वारूढ पुतळ्याचा. आडवा चौथरा उभा करून पुन्हा वापरला. गॉथ या जर्मानिक टोळ्यांवरच्या विजयाचं श्रेय तो सैनिकांना, बादशहा होनोरियसला आणि एका सेनापतीला देतो. त्या सेनापतीचं नाव आणि हुद्दा असलेल्या ओळी छिन्नीने खरवडलेल्या आहेत. तो स्टिलिको: घोडदळ आणि पायदळ दोन्हींचा प्रमुख, व्हॅंडल या दुसऱ्या जर्मानिक टोळीतल्या एका स्वाराचा मुलगा. २२ ऑगस्ट ४०८ रोजी रावेन्नात त्याचा शिरच्छेद झाला. दोन वर्षांनी गॉथांचा राजा अलारिकने रोम लुटलं. स्टिलिको असता तर ते टळलं असतं, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण अलारिकला त्याने इटलीत दोनदा मागे रेटलं होतं, आणि तेवढं करू शकेल असा दुसरा माणूस होनोरियसच्या दरबारात नव्हता.